हातचा

सहाव्या मजल्यावरची खोली आम्ही दोघं मिळून रिकामी करतोय.
रेन्स्के हूकझेमा, वय सहासष्ट, आज निवृत्त;
आणि मी, यॉरिट, ज्याचा चौथा तात्पुरता करार
एकतीस ऑगस्टला संपतो.
ती खोक्यांवर वर्षं लिहिते. मी चिकटपट्टी लावतो.
खिडकीतून ग्रोनिंगेन सपाट पसरलेलं,
गुण न आलेल्या औषधाच्या आलेखासारखं.

पहिल्याच आठवड्यात मी जावईशोध लावला होता
की आमच्या रुग्णांचं सरासरी वय एकशे चौदा आहे.
ती हसली नाही. म्हणाली,
"नऊशे नव्याण्णव हे वय नव्हे रे,
कुणीतरी विचारायचं विसरलंय, एवढाच त्याचा अर्थ.
फोन लाव. विचार."
आणि खारट काळ्या गोळ्यांची बरणी पुढे सरकवली.

चारच्या सुमाराला सर्जन यायचे, हातात कॉफी,
तोंडी वाऱ्याची तक्रार, मुलीच्या स्केटिंगचं कौतुक,
ताकाला येऊन भांडं लपवत.
मग खिशातून पेन ड्राइव्ह: "पाच मिनिटांचं काम.
तेवढं शून्य पूर्णांक शून्य पाचच्या खाली आणून दे."
ती फाइल उघडायची. रुग्ण क्रमांक एकोणतीस
मार्चमध्ये वारला, एप्रिलमध्ये भरती झाला.
"आधी याला जिवंत करा," ती म्हणायची, "मग बोलू."

दोनशे बारा शोधनिबंध.
तिचं नाव अकरांत सातवं, नवांत पाचवं.
प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत त्यांनी विचारलं,
"यात तुमचं स्वतःचं असं काय?"
हे तिनंच सांगितलं, कपाट पुसता पुसता.
मला शाळेतली बेरीज आठवली,
हातचा एक, वर बारीक लिहिलेला;
उत्तर आलं की बाई म्हणायच्या, आता खोडा.
ती त्यांना असलं काही म्हणाली नव्हती.
विचार करत बसली, तेवढ्यात वेळ संपली.
पद मिळालं पुढे, अठ्ठावन्नाव्या वर्षी.

खालच्या खणात एक लिफाफा निघाला. रिकामा,
पण सील फोडल्याची खूण असलेला.
तो बघून ती खुर्चीत बसली.

हृदयाच्या एका औषधाची चाचणी. अर्ध्या वाटेवर
आकडे फक्त तिच्याकडे आले: गट अ, गट ब.
अ मध्ये बारा मृत्यू. ब मध्ये एकतीस.
तिनं तीनदा तपासलं. समिती जमायला चार दिवस गेले.
ते चार दिवस कॅन्टीनमध्ये, रोजच्या टेबलावर,
ती डॉक्टर फेनस्त्रांसमोर वाटाण्याचं सूप प्यायली.
त्यांनी विचारायचं नाही, असा नियम.
तिनं सांगायचं नाही, असा नियम.
"आज आणखी दोघं आले चाचणीत," ते म्हणाले,
आणि खुशीत पाव मोडला.
पाचव्या दिवशी चाचणी थांबली.

"आणि ते दोघं?" मी विचारलं.
"एक अ. एक ब."
लिफाफा दुमडून तिनं कोटाच्या खिशात ठेवला.

बाझेलच्या कंपनीचं पत्र माझ्या फोनमध्ये आहे:
कायमची नोकरी, दुप्पट पगार.
इथे पाचवा करार, अठरा महिन्यांचा, अनुदान आलं तर.
तिला ठाऊक असावं. विचारलं नाही. नियम तरी कुठला होता?

जगण्याच्या आलेखात, जे मरत नाहीत
पण पुढे भेटत नाहीत,
त्यांच्यासाठी रेषेवर एक छोटी उभी खूण असते.
आमच्या विभागातही त्या पुष्कळ:
आनेमीक, उट्रेख्तला. टियार्ड, विमा कंपनीत.
मार्रित्ये, जिचा पत्ता कुणालाच माहीत नाही.

खाली सायकलींच्या रांगेत तिनं बरणी माझ्या हातात दिली.
तळाशी चिकटलेल्या चारपाच गोळ्या.
वर येऊन मी वही उघडली,
तिनंच शिकवल्याप्रमाणे नोंद केली:

रे. हू. शेवटची पाहिली
शुक्रवारी, चार वाजून चाळीस मिनिटांनी,
कालव्याच्या पुलावर, समोरून वारा, उभी राहून पॅडल मारताना.
प्रकृती ठीक.
पुढची माहिती